वाचकांचे प्रश्न : दुदुकचा दाटलेला सूर

प्रश्न : आर्मेनियाचं दुदुक मोबाईलवर ऐकलं आणि जीव कालवला. आपली सनईही पत्तीवरच वाजते, पण ती मांडव उजळते. मग हे असं का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मुख्य फरक नळीच्या पोकळीत आहे. सनई खाली रुंदावत जाते, म्हणून तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचं (खुबानीचा मिठा आपण खातो, तेच झाड) आणि आतून वरपासून खालपर्यंत सारख्याच व्यासाचं. पत्ती लावली की अशी नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा ती जवळपास सप्तकभर खाली बोलते, आणि एकाआड एक उपस्वर दबल्यामुळे आवाज दाटल्यासारखा येतो. त्यात पत्ती बोरूची, चपटी, 9 ते 14 सेंमी लांब. सनईच्या पत्तीपुढे चांगलीच दांडगी. ओठ सैल ठेवून वाजवायची असल्याने श्वास जरा थरथरला तरी ऐकू येतो.

दुसरं कारण जोडीदाराचं, म्हणजे सोबत वाजवणाऱ्या दुसऱ्या दुदुकवाल्याचं. तो 'दम' धरतो, म्हणजे एकच सूर अखंड चालू ठेवतो : गालात साठवलेली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. आपल्या सनईमागे सूर धरणारा असतो, तेच हे काम. खालचा सूर हलत नाही म्हणून वरचा स्वर केसभर उतरला तरी ओढ जाणवते. वाद्याचा पल्लाही सप्तकाहून फारसा मोठा नाही. तानबाजीला जागा नसते. अर्धं भोक उघडून घेतलेली मींड हीच त्याची श्रीमंती.

मात्र त्याला रडकं वाद्य म्हणू नका. आर्मेनियात ते लग्नातही वाजतं, अंत्ययात्रेतही. आपल्यापर्यंत बहुतेक विलापाचे तुकडेच पोचतात, एवढंच. युनेस्कोने 2005 मध्ये या वादनाला मानवी वारशाचा दर्जा दिला, तोही दुदुक आणि त्याचं संगीत या दोन्हींसाठी.

प्रश्न : दुदुक मागवलं, पण नुसती हवा जाते, नाहीतर चिरकतं. वाद्य खराब आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : बहुधा पत्ती कोरडी आहे, आपल्या एप्रिल-मेच्या झळांत ती मिटूनच बसते. टोपण काढा, आत थोडं पाणी घालून झटका, 10-15 मिनिटं उभी ठेवा. तोंड बारीक फटीसारखं उघडलं की वाजवा. फार उघडली, तर जोर लावूनही हवाच जाते. मग टोपण घालून थोडा वेळ थांबा. पत्तीवरचं कडं टोकाकडे सरकवलं की फट आवळते आणि सूर किंचित चढतो. चिरकण्याचं कारण बहुतेक वेळा दात किंवा घट्ट ओठ : दात पत्तीला लागूच द्यायचे नाहीत. तरी हवा गळत असेल तर पत्तीच्या बुडाला दोरा गुंडाळा आणि बोटांची भोकं (पुढे 8, मागे 1) पेरांनी नीट झाकली जातात का ते पाहा. बासरीवाल्यांना ही सवय असतेच. वाजवून झाल्यावर पत्ती ओलीच बंद डबीत ठेवलीत तर बुरशी धरेल. सावलीत वाळवा, उन्हात नको, तडकते.