लेकीची फी डॉलरमध्ये, बचत रुपयांत

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची. सांगलीत आमचं औषधांचं दुकान आहे. म्युच्युअल फंडात ३८ लाख जमलेत, दरमहा ३० हजारांची एसआयपी चालू आहे. सगळे फंड भारतीय शेअर्सचे. मुलगी दहावीत आहे. इंजिनिअरिंग झाल्यावर एमएसला अमेरिकेला जायचं म्हणते. भाचा म्हणतो, निम्मे पैसे काढ आणि नॅसडॅकच्या, म्हणजे अमेरिकी शेअर बाजाराच्या, ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) टाक, तिकडे परतावा जास्त आहे. काय करू?

उत्तर : निम्मे काढू नका. पण पैसे थोडे बाहेर असायलाच हवेत, आणि त्याचं कारण भाच्यानं सांगितलेलं नाही.

माझ्या मुलाला २०१३ मध्ये प्रवेश मिळाला. मे महिन्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता. त्या हिशोबानं पहिल्या हप्त्याचे १२ हजार डॉलर म्हणून ६ लाख ६० हजार बाजूला ठेवले होते. ऑगस्टअखेर बँकेत गेले तर दर ६७ च्या वर! दीड लाख कमी पडले. आईनं दिलेल्या पाटल्या गहाण टाकून फी भरली. तेव्हा कळलं, खर्च ज्या चलनात होणार त्यात थोडी तरी बचत हवी. २०११ च्या मध्यावर ४५ रुपयांना मिळणाऱ्या डॉलरनं डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदी ओलांडली. म्हणजे ४० हजार डॉलरची फी २०११ मध्ये १८ लाख होती, ती डिसेंबर २०२५ मध्ये ३६ लाख झाली.

तुमचं घर, दुकान, फंड, सगळं रुपयांत आहे. म्हणून एसआयपीतले १० हजार परदेशी फंडाकडे, म्हणजे परदेशात पैसे गुंतवणाऱ्या भारतीय म्युच्युअल फंडाकडे, वळवा. जुन्या फंडांना हात लावू नका, विनाकारण भांडवली नफ्यावर कर भरावा लागेल. सहा वर्षांत ७ लाख २० हजार भरून होतील. सगळी फी त्यातून निघणार नाही, पण रुपया घसरला तर पहिला फटका तो पैसा सोसेल.

हे ईटीएफ नॅसडॅक-१०० या निर्देशांकावर चालतात, आणि त्यात तंत्रज्ञान कंपन्यांचंच वजन फार. २०२२ मध्ये तो निर्देशांक जवळपास एक तृतीयांश घसरला होता. मुलीचं प्रवेशाचं वर्ष तसं निघालं तर? मी अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी-५०० निर्देशांक फंड निवडला असता, आणि जायच्या दोन वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून मुदत ठेवीत टाकले असते.

ईटीएफबद्दल मात्र सावध राहा. परदेशी गुंतवणुकीसाठी सगळ्या फंड कंपन्यांना मिळून ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की नवे युनिट तयार होत नाहीत, आणि बाजारात तेच ईटीएफ खऱ्या मूल्यापेक्षा महाग विकले जातात, कधी कधी दहा टक्क्यांहूनही जास्त. परदेशी फंडही याच कारणानं मधूनमधून नवे पैसे घेणं बंद करतात. तसं झालं तर ते १० हजार लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड) साठवा आणि फंड उघडला की टाका.

भाचा थेट अमेरिकी शेअर घ्यायला सांगेल, तर एवढं लक्षात ठेवा : ते दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात. भारतीय म्युच्युअल फंडामार्फत गेलात तर ती कटकट नाही. आणि ईटीएफच घ्यायचा असा त्याचा आग्रह असेल, तर बटण दाबण्याआधी त्या वेळचं आय-नॅव्ह (ईटीएफच्या एका युनिटचं खरं मूल्य) आणि बाजारभाव, दोन्ही आकडे त्याला तुमच्यासमोर कागदावर लिहायला लावा.