निदान मॅनेजर तरी!

प्रश्न : मी सर्जन आहे. आमचं स्वतःचं 40 खाटांचं हॉस्पिटल आहे. मुलीचं नीट दोनदा हुकलं. आता ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. त्यात रमते, पण पुढे स्कोप काय? डॉक्टर झाली नाही, तर निदान हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एमबीए करून आमचे डॉक्टर सांभाळेल, असं आम्ही ठरवलं आहे. कोणती परीक्षा द्यावी, कोणतं कॉलेज घ्यावं? – एक पालक

उत्तर :

डॉक्टरसाहेब, ‘निदान’ हा शब्द तुमच्या तोंडी रोजचाच. पत्रात तो दुसऱ्या अर्थाने आलाय आणि मी तिथेच अडकले. निदान मॅनेजर! दोनदा नीट हुकलेल्या मुलीच्या कानावर हा शब्द घरात किती वेळा पडत असेल? ‘आम्ही ठरवलं आहे’ यातल्या ‘आम्ही’त ती आहे का? पत्रात खाटांचा आकडा आहे, नीटचा हिशेब आहे. तिच्याबद्दल म्हणावं असं एकच वाक्य आहे, ‘त्यात रमते’, आणि त्याला लगेच ‘पण’ चिकटवलाय.

परीक्षेचं उरकून टाकते. कॅट किंवा राज्याची सीईटी. हेल्थकेअर मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्था शोधायला पाच मिनिटं पुरतात.

आता ‘डॉक्टर सांभाळेल’बद्दल. हॉस्पिटलचा मॅनेजर म्हणजे डॉक्टरांचा साहेब, हा समज बाहेरच्यांचा असतो तेव्हा मी समजून घेते; तुमच्याकडून अपेक्षित नव्हता. तुमचं तुम्हीच आठवा, ऑपरेशन कधी करायचं हे तुम्ही कुठल्या मॅनेजरला विचारलंत? हेन्री मिंट्झबर्ग आणि शोलोम ग्लौबरमन या अभ्यासकांनी 2001 मध्ये मांडलं होतं की हॉस्पिटलात चार वेगवेगळी जगं नांदतात : उपचार करणारे डॉक्टर, शुश्रूषा करणाऱ्या नर्सेस, नियंत्रण ठेवणारे व्यवस्थापक आणि समाजाच्या वतीने लक्ष ठेवणारे विश्वस्त. यातल्या व्यवस्थापकाला डॉक्टरांवर सरळ हुकूम सोडता येत नाही. मॅनेजरच्या हाती खर्चाची जबाबदारी असते, पण खर्च ठरतो डॉक्टरच्या पेनाने. त्यातून वडीलच मालक असले, तर ती मॅनेजर कमी आणि निरोप्या जास्त होईल. राग आला तरी चालेल.

मी स्वतः हॉस्पिटल मॅनेजमेंटमधून या सल्ल्याच्या कामाकडे आले. पहिल्या नोकरीत ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, वेळापत्रक नीट बसवायचं काम माझ्याकडे आलं. हाडांच्या चार शस्त्रक्रिया मी एकामागोमाग एक अशा लावल्या, मध्ये मिनिटही वाया नाही. कागदावर फार देखणं दिसत होतं. ओटीच्या सिस्टर इन्चार्जनी कागद पाहिला आणि विचारलं, “मॅडम, सेट किती आहेत?” अवजारांचे सेट होते दोन. वापरलेला सेट धुऊन, बांधून, ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून काढून थंड होईपर्यंत काही तास जातात. मी ऐकलं नाही. तिसरा पेशंट रात्रीपासून उपाशी, दुपारी तीनपर्यंत ट्रॉलीवर पडून होता.

एमबीएच्या वर्गात केस स्टडी येते तेव्हा सेट किती आहेत ते पानावर छापलेलं असतं. दीड तास चर्चा होते, तास संपतो, ट्रॉलीवर कुणी नसतं. व्यवस्थापनाचं शिक्षण निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण हॉस्पिटलात पायही न ठेवलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांना ते देणं मला कधीच पटलेलं नाही.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. 2005 ते 2009 या काळात तिथल्या नेतृत्वाचं सगळं लक्ष पैसे वाचवण्यावर आणि सरकारी उद्दिष्टांवर होतं. त्यातलं एक, इमर्जन्सीतला पेशंट चार तासांत मार्गी लावायचा. नर्सेस इतक्या कमी की आलेल्यांपैकी कोण गंभीर, हे रिसेप्शनवरची माणसं ठरवत. 2013 च्या चौकशी अहवालात 290 शिफारशी आहेत. पण मला सांगायचंय ते वेगळंच. मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होत आहेत, हे आकडेवारीतून 2007 मध्येच दिसलं होतं. व्यवस्थापनाने काय म्हणावं? नोंदींच्या कोडिंगमध्ये, म्हणजे आजारांना सांकेतिक क्रमांक देण्यात, चूक असेल!

तो आकडा कुणी काढला असेल, डॉक्टरसाहेब? तुमची मुलगी ज्यात ‘रमते’ त्याच विषयाच्या जोरावर तो निघतो. अवघड केसेस घेणाऱ्या सर्जनच्या हाताखाली मृत्यू जास्त दिसतात आणि सोप्याच केसेस घेणारा हुशार ठरतो; दोघांची न्याय्य तुलना कशी करायची, हा तुमच्याच जिव्हाळ्याचा प्रश्न संख्याशास्त्र सोडवतं. नर्स फ्लॉरेन्स नाइटिंगेल रात्री जखमींमध्ये फिरतानाच्या हातातल्या दिव्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य करून घेतलं ते त्यांच्या आकडेवारीच्या कामासाठी.

तेव्हा माझ्या मते एमबीए आत्ता नको. बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र) किंवा एपिडेमिऑलॉजीमध्ये (रोग कुणाला, कुठे, का होतात याचा अभ्यास) एमएस्सी करू द्या. सुट्टीत दोन महिने तिला एखाद्या हॉस्पिटलच्या ॲडमिशन काउंटरवर नाहीतर इन्फेक्शन कंट्रोलच्या नोंदींवर बसू दे. तुमच्या हॉस्पिटलात नव्हे. तिथे तिला खरं कुणी सांगणार नाही. चार-पाच वर्षांच्या नोकरीनंतर मॅनेजमेंट शिकावंसं वाटलं, तर नोकरी करणाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रम आहेतच.

अर्थात हे सगळं मी तुमच्या एका ओळीवरून बोलतेय. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.