तुमचे प्रश्न : डोळ्यांपुढचे किडे, चांदण्या आणि फोटोतली पांढरी बाहुली

मुलगा ९ वर्षांचा आहे. गच्चीवर पडून आभाळाकडे पाहताना म्हणतो, ‘मना डोयासमोर किडा पयतस’ (माझ्या डोळ्यांसमोर किडे पळतात). सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. खरंच काही दिसत असेल का? (अमळनेर)

दिसतं, ताई. त्याला खोटं पाडू नका. एकदा हसलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो, जवळजवळ सगळा पाण्याचा. त्यातले बारीक तंतू एकमेकांना चिकटले की त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. निरभ्र आभाळ किंवा पांढरी भिंत समोर असली की त्या करड्या अळ्या उठून दिसतात. त्यांच्याकडे नजर वळवली की त्या निसटतात. मुलाला चकाकणारे ठिपके दिसत असतील, फक्त निळ्या आभाळावर आणि क्षणभर वळणं घेत पळणारे, तर त्या त्याच्याच पांढऱ्या रक्तपेशी. तांबड्या पेशी निळा उजेड शोषून घेतात, पांढऱ्या तो जाऊ देतात. यातलं काहीच आजार नाही. फक्त पाहण्याच्या नादात सूर्याकडे टक लावू देऊ नका, त्याने पडदा कायमचा भाजू शकतो.

घरी एवढं तपासा : एक डोळा तळहाताने, न दाबता झाका. बोटांनी झाकला तर मूल फटीतून पाहतं. १० फुटांवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचायला लावा, मग दुसरा डोळा. दोहोंत फरक वाटला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे चमकारे, एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटणं, किंवा चेंडू-विटी लागल्यावर यातलं काहीही दिसणं म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा फाटल्याची शंका. तेव्हा त्याच दिवशी जायचं. नागमोडी चमकती रेघ २०-३० मिनिटं राहून मग डोकं दुखत असेल तर ती बहुधा अर्धशिशी. तीही डॉक्टरांना सांगा.

७ वर्षांचा मुलगा उन्हाळा लागला की डोळे चोळत बसतो. चोळल्यावर चांदण्या दिसतात म्हणतो. मागच्या वर्षी मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपने दोन दिवसांत बरं वाटलं होतं. तेच आणू का? (भुसावळ)

चांदण्यांची काळजी नको. पडद्यावर दाब आला की मेंदूला तो उजेडच वाटतो. काळजी चोळण्याची आहे, आणि त्याहून जास्त त्या ड्रॉपची.

आपल्याकडच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात ही ॲलर्जी ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलग्यांत जास्त दिसते. खाज, उजेड सहन न होणं, दोऱ्यासारखी चिकट घाण, वरच्या पापणीच्या आत दाणे. सतत चोळल्याने डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो आणि चष्म्याचा तिरका नंबर वाढत जातो.

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का पाहा. ही स्टेरॉईड्स. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणूनच माणसं फसतात. तपासणीविना आठवडेच्या आठवडे घातली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि बहुतेकदा तो दुखत नाही. मोतीबिंदूही होऊ शकतो. डॉक्टरांनी ठरवून थोडे दिवस दिलं तर गोष्ट वेगळी. फोडलेली बाटली महिन्याभराने टाकूनच द्यायची.

घरी थंड पाण्यात पिळलेली स्वच्छ पट्टी ५-१० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा ठेवा. बाहेर टोपी आणि गॉगल. कूलरचं जुनं गवत मूल घरात नसताना बदला, झोत तोंडावर नको. ड्रॉप टाकताना खालची पापणी ओढून एकच थेंब, टोक कुठे टेकू न देता. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध ५ मिनिटांनी.

२ वर्षांच्या मुलीच्या फोटोत फ्लॅशमुळे एका डोळ्याची बाहुली लाल, दुसऱ्याची पांढरी दिसते. (शिरपूर)

कधी कधी हा फक्त कॅमेऱ्याच्या कोनाचा खेळ असतो, पण ते घरी ठरवायचं नाही. मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोग असाच पहिल्यांदा दिसतो. उद्याच जा, फोटो सोबत न्या आणि थेंब घालून दोन्ही डोळ्यांचे पडदे पाहायला सांगा. वेळेत कळलं तर जीव वाचतो, अनेकदा डोळाही.

४ वर्षांची मुलगी दिवेलागणीनंतर चाचपडते. (धडगाव)

अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो का बघा. अंगणवाडीचं कार्ड काढा : ९व्या महिन्याला १ लाख युनिट, १६ ते १८ महिन्यांत २ लाख, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, ५ वर्षांपर्यंत. डोस राहिले असले तरी बाटली आणून स्वतः पाजू नका, जास्त झालं तर बाधतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवा, तिथे उपचाराचे डोस वेगळ्या हिशेबाने देतात. जेवणात शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकलेली पपई, अंडं द्या. भाजीत चमचाभर तेल हवंच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. उपचारानंतरही फरक पडला नाही, किंवा आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, तर पडद्याचा आनुवंशिक आजार आहे का ते तपासून घ्या.