खांद्यावर हात असेल तरच

"पोराला आवाज यायलेत, आता कामाचं संपलंच की!" सोलापूरच्या पूर्व भागातून माझ्याकडे येणारी आई हे म्हणतेच. आवाज म्हणजे मानसिक आजारात, कुणी बोलत नसताना ऐकू येणारं बोलणं. काम मात्र बहुतेक वेळा संपलेलं नसतं. गोळ्या चालू असूनही थोडे आवाज राहणारे पुष्कळ असतात. ते पूर्ण थांबायची वाट बघायची म्हटलं, तर काहींना जन्मभर घरीच बसावं लागेल.

टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असलेल्या एका तरुणाचं घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आवाज म्हणायचा, "माग बंद कर." हा बंद करायचा. मालकाची शेवटची ताकीद मिळाली होती.

"हुबेहूब जॉबरचा आवाज असतो, ताई." जॉबर म्हणजे मागांवर देखरेख करणारा.

चौदा दिवस वही ठेवायला सांगितली: वेळ, झोपेचे तास, आवाजाचा जोर शून्य ते दहा. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास जोर आठ, दिवसपाळीत तीन. अर्धं उत्तर तिथंच होतं. उरलेलं पाचव्या भेटीत सापडलं.

"एवढ्या खडखडाटात जॉबर तुला हाक कशी मारतो?"

तो बराच वेळ गप्प. "कुठली हाक? ऐकूच येत नाही की. खांद्यावर हात ठेवतो, नाहीतर खुणावतो." मग एकदम हसला. "म्हणजे ऐकू आलं तर तो जॉबर नव्हंच!"

आवाज खरा की भास, यावर चार भेटी वाद घालून जे झालं नसतं ते इथं झालं. डच मनोविकारतज्ज्ञ मारिउस रोमे १९८०च्या दशकापासून सांगत आले, की आवाजाशी असलेलं माणसाचं नातं बदलता येतं. माझाही भर त्यावरच. आवाज आला आणि खांद्यावर हात नसेल, तर कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) आणि धागा बघायचा. तुटलेलं नसेल तर माग चालू. आवाजाला मनात एवढंच सांगायचं: "सुटीत ऐकतो."

मालकाला आजाराचं नाव सांगायची गरज पडली नाही. रात्रपाळी नको आणि बोलवायचं तर खांद्याला हात लावा, एवढंच मागितलं. आधी दोन आठवडे चार-चार तास घडी-पॅकिंगला, मग दोनच माग. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी धरणारे बऱ्याचदा आठवड्यात घरी परततात. सकाळची गुंगी असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या. याची रात्री अकराची आठवर आली. "बरं वाटतंय" म्हणून गोळी आपल्या मनानं सोडली, की सगळं फिसकटतं.

आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर मात्र मागाजवळ पाठवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो.

आणि उन्हाळा. यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, शरीर लवकर तापतं. मे महिन्यात शेडमध्ये पाण्याची बाटली मागाशेजारीच हवी, तहान लागायच्या आधी घोट घ्यायचा.