बोनेटखालचा गंज आणि घरच्या घरी रंगकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी गाडी जुनी आहे, पण इंजिन उत्तम चालते. बोनेट उघडले की मात्र वाईट वाटते. बॅटरीखालचा पत्रा गंजला आहे, ब्रेक ऑइलच्या डबीखाली रंगाचे पापुद्रे सुटले आहेत आणि उरलेल्या भागावर तेल व धूळ यांचा काळा थर बसला आहे. इंजिन खाली न उतरवता हा सगळा भाग घरीच स्वच्छ करून रंगवता येईल का? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : इंजिन जागेवर ठेवूनही हे काम समाधानकारक होऊ शकते, फक्त इंजिनाच्या मागचा आणि खालचा पत्रा हाताला लागणार नाही, हे आधीच मान्य करावे. सुरुवात रंगापासून करू नये, स्वच्छतेपासूनही करू नये. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही जागा का खराब झाल्या, ते आधी शोधावे. बॅटरीतील गंधकाम्लाचे बारीक तुषार आणि ओघळ पत्र्यावरचा रंग खातात व मग लोखंडाला लागतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजून पाहावे. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत ते सातत्याने १५ व्होल्टच्या वर जात असेल, तर अल्टरनेटर बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करतो आहे आणि नव्या रंगाचीही तीच गत होणार आहे. ब्रेक ऑइलचे कारण वेगळे आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉल प्रकारची असतात आणि ती रंग अक्षरशः सोलून काढतात. डबीखालचा रंग सुटला असेल तर एक तर ऑइल भरताना सांडले आहे, नाही तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचे) सील गळते आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर प्रश्न रंगाचा राहत नाही, ब्रेकचा होतो, आणि ब्रेकची दुरुस्ती जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय पुढचे काही हाती घेऊ नये.

त्यानंतर सुटे करण्याचे काम. इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि धन तार नंतर, कारण धन टोकाचा नट फिरवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. प्रत्येक जोडणी सोडण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे, तारांना चिठ्ठ्या लावाव्यात आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर नाव लिहावे. हे कंटाळवाणे वाटते, परंतु काही आठवड्यांनी गाडी जोडायला बसल्यावर छायाचित्रांइतकी मदत दुसरे कोणीही करत नाही. वातानुकूलनाच्या नळ्या मात्र सोडू नयेत. त्यांत दाबाखाली वायू असतो, तो त्वचा व डोळे गोठवू शकतो आणि हवेत सोडून देणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे. नळ्या न सोडता थोड्या बाजूला बांधून घेता येतात. पेट्रोलच्या नळ्यांनाही शक्यतो हात लावू नये. गाडी हायब्रीड किंवा विजेवर चालणारी असेल आणि केशरी रंगाच्या जाड तारा दिसत असतील, तर त्या उच्च विद्युतदाबाच्या आहेत. अशा गाडीत हे काम घरी करू नये.

स्वच्छतेसाठी अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, हवेच्या फिल्टरचे तोंड आणि उघड्या जोडण्या प्लास्टिकने घट्ट बांधाव्यात. तेलकट थरावर डिग्रीझर लावून तो डब्यावर सांगितलेला वेळ मुरू द्यावा, ब्रशने घासावे आणि साध्या नळाच्या संथ धारेने धुवावे. दाबाच्या पंपाचे पाणी जोडण्यांच्या आत शिरते आणि मग सेन्सरचे विचित्र दोष दिसू लागतात. कॉस्टिक सोड्याचे तीव्र क्लीनर तेल झटपट काढतात खरे, पण अॅल्युमिनियम काळे पाडतात व खातात, म्हणून इंजिनाच्या जवळपास ते वापरू नयेत. बॅटरीखालच्या पत्र्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे. फेस येणे थांबले की आम्ल निष्प्रभ झाले असे समजावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. धुतलेले तेलकट पाणी गटारात किंवा मातीत जाऊ देऊ नये. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) काढले असेल तर ते झाकून ठेवावे, कारण त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि प्राण्यांना व मुलांना विषारी ठरते.

आता खरा निर्णय येतो : किती रंग खरवडायचा? सगळा रंग काढून पत्रा लखलखीत करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की तो आवरावा. आधुनिक कारखान्यांत गाडीचा सांगाडा पूर्णपणे बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर प्रायमरचा पातळ थर चढवतात आणि साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. तो थर जेमतेम २० मायक्रॉन जाडीचा असतो, पण सांध्यांत आणि पोकळ भागांतही पोहोचलेला असतो, आणि घरी कोणत्याही डब्यातून त्याची बरोबरी होत नाही. त्यामुळे जेथे जुना रंग घट्ट धरून आहे तेथे तो ३२० ते ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने केवळ चमक जाईपर्यंत घासावा आणि त्यालाच पाया मानावे. पत्र्यापर्यंत जायचे ते गंजलेल्या आणि पापुद्रे सुटलेल्या जागीच. तेथेही गंजाच्या दिसणाऱ्या कडेपेक्षा थोडे पुढे जाऊन थांबावे, कारण रंगाखाली गंज डोळ्यांना दिसतो त्याहून पुढे सरकलेला असतो. घासताना धूळरोधक मास्क हवाच. फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) उष्णतारोधक थरात अॅस्बेस्टॉस असू शकते. तशी शंका असेल तर तो थर कोरडा खरवडू नये, जसाच्या तसा राहू द्यावा.

प्रश्न : गंज घासून काढण्याऐवजी त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावून थेट रंग दिला तर चालेल का? माझ्या गाडीत शॉक अॅब्सॉर्बर जेथे वर बसतो त्या भागावरही गंज आहे.

उत्तर : सुटलेल्या गंजावर कन्व्हर्टर लावणे म्हणजे वेळ वाया घालवणे. टॅनिक आम्लाचे किंवा फॉस्फरिक आम्लाचे द्रव गंजाच्या पातळ, घट्ट चिकटलेल्या अवशेषाचे स्थिर संयुगात रूपांतर करतात. जाड पोपड्याच्या तळापर्यंत ते पोहोचतच नाहीत. आधी तारेचा ब्रश आणि ८० क्रमांकाचा पॉलिश पेपर वापरून जेवढे निघेल तेवढे काढावे, आणि खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठीच हा द्रव वापरावा. त्यावर पुढे इपॉक्सी प्रायमर देणार असाल, तर पृष्ठभागावर आम्ल शिल्लक राहू देऊ नये, कारण आम्लामुळे इपॉक्सीचे हार्डनर (त्यात मिसळायचा, थर कडक करणारा घटक) नीट काम करत नाही आणि थर कच्चा राहतो. दोन्ही डब्यांवरच्या सूचना जुळतात का, ते खरेदीच्या वेळीच पाहावे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. शॉक अॅब्सॉर्बरचा वरचा बुरूज आणि चासीचे लांब दांडे यांवर गाडीचा भार असतो. तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा दबला, करकरला किंवा छिद्र पडले, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याखेरीज उपाय नाही आणि ते काम प्रशिक्षित वेल्डरचे आहे. पुट्टी भरून वरून रंग दिल्यास गाडी सुंदर दिसेल आणि धोकादायक होईल. वेल्डिंग होणार असेल, तर त्या जागी क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर आधी मुळीच वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने व प्रखर प्रकाशाने त्याच्या अवशेषांतून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

प्रश्न : इंजिनाजवळ उष्णता खूप असते, तेव्हा सगळीकडे उष्णतारोधक रंगच द्यावा का? प्रायमर कोणता घ्यावा? टूके (2K, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा) रंग घरी मारता येतो का?

उत्तर : उष्णतेची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यांना चांगला साधा ऑटोमोटिव्ह रंग पुरतो. इंजिनाच्या ब्लॉकला त्यापुढचा रंग लागतो, कारण कूलंट सुमारे ९० ते १०५ अंशांवर चालते. त्यासाठी मिळणारे इंजिन एनॅमल साधारण २६० अंशांपर्यंत टिकतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गोष्टच निराळी. तेथे ६५० अंशांच्या पुढचे सिरॅमिकयुक्त रंगच टिकतात, आणि तेही डब्यावर सांगितलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने तापवून पक्के केले तरच.

उघड्या पत्र्यासाठी माझी पसंती इपॉक्सी प्रायमरला आहे. तो पाणी आत जाऊ देत नाही आणि स्वच्छ, नीट घासलेल्या लोखंडाला फार घट्ट धरतो. सहज मिळणारे जाड फिलर प्रायमर मात्र ओलावा शोषतात. त्यांवर वरचा रंग न देता गाडी काही दिवस दमट हवेत उभी राहिली, तर प्रायमरच्या खालीच गंज सुरू होतो. आम्लयुक्त एच (etch) प्रायमर वापरला असेल, तर उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय त्यावर इपॉक्सी देऊ नये. पत्र्याच्या सांध्यांतील जुने तडकलेले सीलंट काढून टाकावे आणि नवे सीलंट इपॉक्सी सुकल्यावर भरावे, म्हणजे ते उघड्या लोखंडावर बसत नाही.

टूके रंगाबद्दल मला ठामपणे लिहावेसे वाटते. या रंगांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतात. त्यांचे तुषार श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. धोक्याच्या पातळीला त्यांचा वास येत नाही, त्यामुळे कार्बन फिल्टरचा मास्क निकामी झाला तरी कळत नाही. व्यावसायिक रंगारी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात तो याचसाठी. हार्डनर आत फोडून वापरायच्या टूके स्प्रेच्या डब्यांनाही हेच लागू आहे. बंद गॅरेजमध्ये, घरात माणसे असताना, हा रंग मारू नये. बोनेटखालच्या भागाला आरशासारखी चमक लागत नाही. एकघटकी चांगला एनॅमल मोकळ्या हवेत, सेंद्रिय वाफांचा मास्क लावून, पातळ थरांत दिला तर घरच्या कामासाठी तो पुरेसा आहे. ब्रेक ऑइल आणि पेट्रोल यांपुढे तो टूकेइतका टिकत नाही, म्हणून सांडलेले लगेच पाण्याने धुण्याची सवय मात्र ठेवावी लागते. टूकेच हवा असेल तर सुटे होणारे भाग रंगशाळेत नेऊन रंगवून घ्यावेत.

रंगछटेबाबत एक सूचना. गाडीच्या बाहेरच्या रंगाशी आतला रंग जुळवू नये. बाहेरचा रंग उन्हाने उतरलेला असतो, बोनेटखालचा बराच मूळ राहतो. दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली पाटीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून रंग बनवून घ्यावा आणि आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर, शेजारी धरून पाहावा. पत्र्यावर ठोकलेला चासी क्रमांक घासू नये आणि पुट्टीने किंवा जाड रंगाने बुजवू नये. तो अस्पष्ट करणे अनेक देशांत गुन्हा आहे.

प्रश्न : मी बोनेटखाली दुसरा हात दिला आणि रंग सुरकुतला. काही ठिकाणी बारीक वाटोळे खड्डेही पडले. काय चुकले?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सुरकुत्या बहुधा वेळ चुकल्याने पडतात. अनेक एनॅमल डब्यांवर दुसरा हात एका तासाच्या आत द्यावा, नाही तर २४ किंवा ४८ तासांनंतर द्यावा, असे लिहिलेले असते. मधल्या काळात वरची साय धरलेली असते आणि खालचा रंग ओला असतो; नव्या थरातील थिनर ती साय फुगवतो. वाटोळे खड्डे सिलिकॉन किंवा तेलामुळे पडतात. टायर आणि डॅशबोर्ड चमकवणाऱ्या फवाऱ्यांत सिलिकॉन असते, आणि ते हवेतून दूरवर जाऊन बसते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : रंग पूर्ण कडक होऊ द्यावा, ४०० क्रमांकाने सपाट घासावा, मेणतेल काढणारा द्रव एका स्वच्छ फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसावा आणि मग पुन्हा पातळ हात द्यावा. पावसाळी दमट हवेत काम टाळावे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे, नाही तर न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. तेलरंगाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

प्रश्न : रंगकाम छान झाले, पण सगळे जोडल्यावर स्टार्टर हळू फिरतो आणि दिवे मंद लागतात. बॅटरी नवीन आहे.

उत्तर : अर्थिंगच्या जागा रंगल्या असणार. बॅटरीची ऋण तार आणि इंजिनाची जाड पट्टी पत्र्याला जेथे बोल्टने बसते, तेथे उघडे लोखंड लागते. रंगाचा थर वीज अडवतो. बॅटरीची ऋण तार सोडून त्या जागांवरचा रंग वॉशरच्या मापाएवढाच घासून काढावा, तारेचे टोकही स्वच्छ करावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे उघडा पत्रा पुन्हा गंजत नाही. बॅटरी जोडताना या वेळी धन तार आधी आणि ऋण तार शेवटी. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी विणलेली पट्टी परत बसवायची राहून गेली आहे का, ते काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहावे.