मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी व्याकरणातली 'डिग्री' का जमत नाही?

"मॅडम, ह्येका इंग्लिश जमनाच नाय. काकाचो झील बघा, मुंबयत शिकता, कसो फाडफाड बोलता!" कणकवलीजवळच्या गावातल्या एक ताई दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा मान खाली घालून बसलेला. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कोकणात ही काळजी घेऊन येणारे पालक मला सतत भेटतात.

मी त्याची वही मागितली. 'चेंज द डिग्री'च्या, म्हणजे वाक्यातल्या तुलनेचं रूप बदलायच्या प्रश्नावर लाल रेघा होत्या. सुरुवातीला 'फास्ट दॅन', 'टॉल दॅन'. पुढच्या पानांवर सगळीकडे 'मोअर फास्टर', 'मोअर टॉलर'. मला तर ही वही हुशार मुलाची वाटली. मराठीत तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'वर असतो, विशेषण जसंच्या तसं राहतं. म्हणून आधी त्याने नुसता 'दॅन' लावला. तो चुकला म्हटल्यावर धास्तीने दोन्ही लावायला लागला.

गाड्यांचं त्याला वेड. म्हटलं, "वंदे भारत आणि मांडवी एक्सप्रेसबद्दल सांग." तो लगेच म्हणाला, "वंदे भारत मांडवीपेक्षा फास्ट." हेच इंग्रजीत लिहिताना 'फास्ट' छोटा शब्द, म्हणून त्यालाच 'अर' जोडायचा: 'फास्टर दॅन'. 'कम्फर्टेबल' लांबलचक, त्याला 'अर' पेलत नाही, तिथे 'मोअर'. दोन्ही एकदम कधीच नाहीत. उलटं करायचं तर 'मांडवी इज नॉट सो फास्ट अ‍ॅज वंदे भारत'. मग क्रियाविशेषणं. 'रन्स फास्टर'मध्ये रूप तेच राहतं, पण 'स्लोली'सारख्या 'ली'वाल्या शब्दांना बहुतेक वेळा 'मोअर'च. यावर त्याने आपणहून वाक्य केलं: पावसाळी वेळापत्रकात गाड्या 'रन मोअर स्लोली'. 'गुड' आणि 'वेल' दोघांचंही 'बेटर' होतं, ते मात्र पाठच करावं लागतं.

ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, चुलतभावाचं नाव अभ्यासाच्या वेळी अजिबात काढू नका. धाक बसला की येत असलेलंही ऐन वेळी सुचत नाही. रोज त्याच्याकडून दोन वाक्यं करून घ्या, आंब्यांची, होड्यांची, कशाचीही. आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्यांना ते मनापासून पटलं असं नाही, पण त्यांनी केलं.

परवा तो वही दाखवायला आला. 'बेटर'च्या आधी अजून कधीतरी 'मोअर' येतो, पण आता तो स्वतःच खोडतो.