सकाळी ‘मला आठवत नाही’ म्हणतात, ते नाटक असतं का?

“आमचे हे रात्री दारू पिऊन मुलीला नाही नाही ते बोलले आणि सकाळी म्हणतात, मी असं बोललोच नाही! हे नाटकच ना, मॅडम?” पिणाऱ्यांच्या घरची माणसं हा प्रश्न मला सतत विचारतात.

या बाईंना मी म्हटलं, बहुतेक वेळा ते नाटक नसतं. थोड्या वेळात भरपूर दारू पोटात गेली की रक्तातलं तिचं प्रमाण झपाट्याने चढतं आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम अडतं. नव्या आठवणी साठवण्यात याच भागाचा मोठा वाटा. माणूस तेव्हा शुद्धीवर असतो, बोलतो, भांडतो, कधी गाडीही चालवतो. पण यातलं काही साठवलंच जात नाही. मग सकाळी कितीही खोदून विचारा, आठवणार कुठून?

पुढच्या भेटीत यजमानही आले. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, तुम्हाला आठवत नसलं तरी मुलीला सगळं आठवतंय. “तू सांगतेस ते मी बोललो असणार,” एवढं तरी तिच्याजवळ कबूल करा. ते गप्प झाले. समोरचा पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, तरी पाणी शर्टावर सांडलं. सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, असं मग हळूच म्हणाले. “उद्यापासून बंद!”

बाईंचा चेहरा खुलला, पण मी दोघांना थांबवलं. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकदम तोडली की तो जोर मोकाट सुटतो. थरथर, घाम, झोप उडणं तर होतंच. पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि भ्रम होऊ शकतात. यात जीवही जातो. हात थरथरणाऱ्या माणसाने मनाच्या जोरावर घरीच दारू सोडावी, हा सल्ला मला फार धोकादायक वाटतो. सोडायची ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

तिथे औषधांबरोबर थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वही देतात. ते फार कमी पडलं तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. दारू सुटल्यावर काही महिन्यांत लक्ष, स्मरण, झोप बरीच सुधारते, हेही त्यांना सांगितलं. मात्र मध्येच फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.